हंप्ता पासला जाताय? या चुका टाळा

हंप्ता पास म्हणजे हिमाचलमधली उंच खिंड, ट्रेक मनालीहून सुरू होतो. आपली कळसूबाई 1646 मीटर. मनालीत बसमधून उतरता तेव्हाच तुम्ही तिच्यापेक्षा चारशे मीटर वर असता. त्यामुळे "आम्ही राजगड-तोरणा एका दिवसात करतो" हा दाखला इथे फारसा कामाचा नाही. विरळ हवेची सवय व्यायामाने होत नाही, त्यासाठी दिवसच द्यावे लागतात.

सुट्टी वाचवायला घाई
रात्रभर बसमध्ये काढायची, सकाळी मनाली आणि लगेच जोब्रामार्गे चिका हा पहिला कॅम्प! असं करू नका. 3000 मीटरच्या वर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. चिकाहून पुढच्या बालू का घेरा कॅम्पला (सुमारे 3600 मीटर) जाताना हा नियम जेमतेम पाळला जातो. मनालीत एक रात्र काढाच.

डोकेदुखी लपवणे
सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, कारण डोकेदुखी ही विरळ हवा बाधल्याची खूण असू शकते. ग्रुप अडकेल, पैसे बुडतील म्हणून पोरं गुपचूप पेनकिलर घेतात आणि म्हणतात, "उद्या पास झाला की उतारच आहे." जरा आकडे बघा. पास सुमारे 4270 मीटरवर, पलीकडचा शिया गोरूचा कॅम्प सुमारे 3900 वर. म्हणजे पास ओलांडूनही तुम्ही आदल्या रात्रीपेक्षा वरच झोपणार, आणि मागे फिरायचं तर पुन्हा पास चढणार. म्हणून काय तो निर्णय बालू का घेरालाच घ्या. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, आणि सकाळपर्यंत उतार नाही? मग पुढे जायचं नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर उजाडायची वाटही बघू नका. कुणाला तरी सोबत घेऊन खाली उतरा. डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची ॲलर्जी असेल तर त्यांना आधी सांगा.

ओढा उशिरा ओलांडणे
शिया गोरूहून निघताना लागणारं पाणी हाडं गोठवतं. बर्फ वितळून दुपारनंतर ते चढतं, म्हणून सकाळीच पार करा. अनवाणी नको, पाय बधिर होतात आणि गोट्यांवर घसरतात. सँडल घाला, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा. पडलात तर सॅक झटकन टाकता आली पाहिजे.

परतीचं विमान लगेच
ट्रेक संपतो त्या छत्रूहून चंद्रताल तलावाकडे जाणारा रस्ता नाल्यांतून जातो, पावसात दरडीही येतात. एक दिवस राखीव ठेवा. आणि हो, जीन्स घरीच राहू द्या. भिजली की वाळत नाही.