इंटर्नशिपला वर्गात उभं राहताना पाय लटपटतात? हे करून बघा

बीएड दोन वर्षांचं झाल्यापासून इंटर्नशिप एकूण २० आठवड्यांची असते, त्यामुळे पहिल्या पाठाला फजिती झाली तरी सावरायला भरपूर वेळ मिळतो, हे आधी डोक्यात ठेवा.

पहिले दोन-तीन दिवस पाठ घ्यायची घाई नको, मागच्या बाकावर बसून वर्गशिक्षिकांचे तास बघा, मॅडम गोंगाट कशा थांबवतात, कोणाला कुठे बसवतात, सगळं वहीत लिहा. आणि मुलांची नावं पाठ करा! "ए निळ्या दप्तरवाल्या" म्हटलं की अख्खा वर्ग हसतो आणि मग तास गेलाच समजा (माझा गेलाय).

पाठ टाचण (म्हणजे पाठाचं लिहून काढलेलं नियोजन) वाचून दाखवायचं नसतं, त्यातले चार-पाच मुद्दे छोट्या चिठ्ठीवर घ्या. आदल्या रात्री घरी मोठ्याने एकदा बोलून बघा, मोबाईलवर टायमर लावून, कारण ३५ मिनिटांचा पाठ टेन्शनमध्ये १५ मिनिटांत उरकतो आणि मग पुढे काय करायचं कळत नाही, म्हणून एक जादाचा खेळ किंवा प्रश्न हाताशी असूच द्या. अपूर्णांक शिकवताना मी सरळ बाकरवडीचे तुकडे काढले, मागची मुलंपण पुढे आली.

चार्टचं सामान पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून आदल्या दिवशीच आणा, सकाळी पीएमपी बसच्या गर्दीत चार्ट चुरगळतो.

उत्तर येत नसेल तर "उद्या बघून सांगते" म्हणा, पण उद्या खरंच सांगा, मुलं विसरत नाहीत.

निरीक्षक सर मागे बसले की त्यांच्याकडे बघूच नका. शेरे मात्र त्याच दिवशी विचारून घ्या, आणि पुढच्या पाठात त्यातली एकच गोष्ट सुधारा, सगळ्या एकदम नको.