छातीत मशीन बसली म्हंजे झालं नाही, या चुका टाळा

बाबांले आयसीडी, म्हंजे हृदयाची मशीन, बसून दोन वर्षं झाले अन् गावात अजून सगळे तिले पेसमेकरच म्हणतात, घोळ तिथूनच सुरू होते. पेसमेकर मंद पडलेले ठोके सांभाळते, आयसीडी ठोके बेफाम सुटले की आतून शॉक देते, सीआरटी हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात आणते. आपल्या माणसाले कोणती बसली ते मशीनच्या कार्डावर लिहून असते, ते कार्ड खिशात ठेवा. आमचं सहा महिने आईच्या साड्यांखाली होतं.

सगळ्यात मोठी चूक आमच्याच घरी झाली. "मशीन बसली न, आता गोळ्या कायले?" म्हणून बाबांनी अर्ध्या गोळ्या सोडल्या, महिन्याभरात पाय सुजले, रात्री उताणं झोपता येईना, दम लागे. आयसीडी हृदयाचं पंपिंग वाढवत नाही बाप्पा! ती फक्त जीवघेणा ठोका पकडते, बाकी सारं गोळ्यांवरच. रोज सकाळी वजन करा, तीन दिवसांत 2 किलोच्या वर वाढलं तर डॉक्टरले फोन लावा.

मशीन बसवायची घाईही नको. अटॅकनंतर साधारण 40 दिवस थांबतात, अन् पंपिंग (एका ठोक्यात हृदय आतलं किती रक्त बाहेर फेकते ते) 35 टक्के किंवा कमी असलं तरी निदान 3 महिने नीट गोळ्या देऊन पुन्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात, कारण काहींचं पंपिंग गोळ्यांनीच सुधरते. (आधीच हृदय बंद पडून वाचलेल्याचं वेगळं असते.) पण तीन महिने झाल्यावर मग सोयाबीन निघू दे, कापूस वेचू दे, दिवाळी होऊ दे, असंही करू नका.

आता शेतातलं. पहिले 4 ते 6 आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. फवारणीच्या पंपाचा पट्टा बरोबर मशीनवर येते, बाबांची कातडी लाल झाली तर शेजारच्या काकूंनी हळद लावायले सांगितलं, लावू नका, लाली किंवा पाणी दिसलं की सरळ दवाखान्यात दाखवा. रानडुकरांसाठी कुंपणाले झटका मशीन लावली असेल तर आधी ती बंद करायची, मग धुऱ्यावर जायचं, तो करंट आतल्या मशीनले ठोका वाटू शकते अन् ती फुकटचा शॉक देऊन टाकते. वेल्डिंग अन् चालू जनरेटरपासून लांब राहा. मोबाईल त्या बाजूच्या खिशात नको, 15 सेंटीमीटर तरी दूर.

शॉक एकच बसला अन् माणूस बरा असला तर त्याच दिवशी फोन करा. लागोपाठ दोन बसले, किंवा एकानंतरही चक्कर, छातीत दुखणं असलं तर 108 बोलवा, सकाळची वाट पाहू नका.

मशीनची तपासणी दर 3 ते 6 महिन्यांनी असते, पण बाबा ठीक दिसून राहिले म्हणून आम्ही नागपूरची एक खेप चुकवली. मग रोज सकाळी एकाच वेळी घरात बीप वाजू लागलं, दोन दिवस आम्ही मोबाईल शोधून राहिलो, तिसऱ्या दिवशी आईनं बाबांच्या छातीले कान लावला.