कॉम्प्युटरसाठी टेबल: आधी टेप, मग करवत

टेबल बघायला निघण्याआधी स्वतःला मोजा. ज्या खुर्चीवर रोज बसणार तिच्यावरच बसायचं, पावलं जमिनीला टेकलेली, खांदे सैल, कोपर काटकोनात. जमिनीपासून कोपरापर्यंत जेवढं भरेल, तेवढ्या उंचीवर कीबोर्ड हवा. तयार टेबलं बहुतेक ७२ ते ७५ सेंमी उंच असतात आणि बऱ्याच जणांना ती उंचच पडतात. मग खांदे वर चढतात आणि संध्याकाळी मान धरते.

घरातलंच टेबल वापरायचं असेल तर लाकडी पाय खालून कापता येतात, खाली कीबोर्डचा सरकता ट्रे बसवता येतो, नाहीतर खुर्ची वर घेऊन पायांखाली पाट. कापायचं ठरलं तर चारही पायांवर आधी खुणा करा. अंदाजाने एकेक कापलं की टेबल डुगडुगतं, ते थांबवायला आणखी कापायचं, असं करता करता चौरंग तयार होतो. ट्रे लावणार असाल तर त्याखाली मांड्या मावतात ना, ते बसून बघा. मधला ड्रॉवर गुडघ्यांना लागत असेल तर सरळ काढून टाका. त्यात नाहीतरी संपलेली पेनंच साठतात.

दुकानात सगळे लांबी बघतात, पण खरी अडचण होते ती पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीची. स्क्रीन डोळ्यांपासून हातभर लांब हवा, म्हणजे साधारण ५० ते ७० सेंमी, आणि मॉनिटरचा स्टँडही त्यातली जागा खातो. ६० सेंमीपेक्षा अरुंद टेबल मी घेणार नाही. मॉनिटर मोठा असेल तर ७५ बरं. अरुंदच टेबल वाट्याला आलं असेल तर मॉनिटर आर्मने, म्हणजे टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळून मॉनिटर अधांतरी धरणाऱ्या दांड्याने, बरंच निभावतं. मात्र आर्म मागवण्याआधी मॉनिटरची पाठ बघा: स्क्रूची चार भोकं ७५ किंवा १०० मिमीच्या चौकोनात आहेत का? आर्मला मॉनिटरचं वजन पेलतं का? टेबलाच्या मागच्या कडेखाली आडवी पट्टी असेल तर क्लॅम्प बसणार नाही, तेव्हा तिथे हात घालून चाचपा. फळी पार्टिकल बोर्डची असेल तर क्लॅम्प आवळल्यावर आतला भुसा दबतो आणि कड फुटते. वर-खाली प्लायचा किंवा लोखंडी पट्टीचा तुकडा ठेवला की दाब पसरतो. जुना फ्लश डोअर फळी म्हणून घेताना ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर त्यावर क्लॅम्प नकोच.

१८ मिमीची फळी लांब असेल आणि मध्ये आधार नसेल तर हळूहळू बाक धरते. मागच्या बाजूने खालून, फळीच्या लांबीने, एक पट्टी उभ्या कडेवर मारून घ्या; आर्म लावणार असाल तर क्लॅम्पपुरती जागा सोडून.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. बायफोकल चष्मा असेल तर आणखी खाली. खिडकी बाजूला ठेवा, समोर किंवा पाठीशी नको. मनगट टेकतं ती कड धारदार असेल तर पॉलिश पेपरने गोल करा. एक्स्टेन्शन बोर्ड फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवा, म्हणजे फरशी पुसताना पाणी लागत नाही.

वायरींसाठी भोक मात्र पहिल्या दिवशी पाडू नका. सगळं मांडून काही दिवस काम करा, मॉनिटर कुठे स्थिरावतो ते कळलं की मगच ड्रिल काढा.