कपाटामागची बुरशी आणि कुबट वास: शेवटी काय लागू पडलं

घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. जुलै लागला की आतल्या खोलीत कुबट वास, कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके आणि आईचा खोकला. फिनेल, कापूर, धूप, नवा रंग, सगळं झालं. तीन आठवड्यांत ठिपके परत. आईला रात्रभर खोकताना ऐकून जीव रडकुंडीला यायचा.

आधी ओल कुठून येते ते शोधलं. ठिपक्यांशेजारी प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवला. पाणी भिंतीकडच्या बाजूला साचलं तर भिंतीतूनच ओल येते. माझ्याकडे ते खोलीकडच्या बाजूला होतं. म्हणजे दोष खोलीतल्या दमट हवेचा.

मग याच क्रमाने केलं. खोलीतली कपड्यांची दोरी काढून पडवीत बांधली (निम्मं काम इथेच झालं असं मला वाटतं). कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. तोंडाला मास्क लावून ठिपके साबणाच्या पाण्याने पुसले. कोरडे खरवडू नका, बुरशीचे बीजाणू (ज्यांपासून ती पसरते ते सूक्ष्म कण) हवेत उडतात. पंखा लावून भिंत पूर्ण सुकवली. न्हाणीघरात एक्झॉस्ट बसवला, अंघोळीनंतरही अर्धा तास चालू ठेवतो. धो धो पाऊस असताना खिडक्या बंद, उघडीप मिळाली की समोरासमोरच्या दोन उघड्या.

तरी आर्द्रतामापक ७८ टक्क्यांवर अडला. तेव्हा डिह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा काढून घेणारं यंत्र) घेतला, दारं-खिडक्या लावूनच चालवतो. आकडा ६० च्या खाली ठेवायचा. आता ५५ आहे, भिंत स्वच्छ आहे, आई शांत झोपते.