वीर्यतपासणीतील रंजन: नमुना येण्याआधीची तयारी
रंजनाची (म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी स्पष्ट दिसाव्यात म्हणून त्यांना रंग देण्याची) सर्व तयारी नमुना हातात येण्यापूर्वीच पूर्ण झालेली असावी, कारण शुक्राणूंची जिवंतता वीर्य पातळ होताच, शक्यतो संकलनानंतर अर्ध्या तासात आणि फार तर तासाभरात तपासावी लागते. इनक्युबेटर (नमुना ठरावीक तापमानाला ठेवणारी पेटी) 37 अंश सेल्सिअसवर स्थिरावला आहे ना, हे पाहावे. अर्जावर संकलनाची वेळ आणि संयमाचे, म्हणजे आधीच्या वीर्यपतनानंतर गेलेले दिवस (2 ते 7 अपेक्षित) लिहिलेले असावेत. काचपट्ट्या स्वच्छ पुसून त्यांच्या खरखरीत कडेवर पेन्सिलीनेच क्रमांक घालावा, कारण शाईचा क्रमांक पुढे अल्कोहोलमध्ये धुऊन जातो आणि एकाचा अहवाल दुसऱ्याच्या नावावर जाण्याची भीती राहते.

जिवंतता तपासण्यासाठी इओसिन-निग्रोसिन या दोन रंगांचे द्रावण खोलीच्या तापमानाला आणून ठेवावे. वीर्य आणि द्रावण समप्रमाणात मिसळून 30 सेकंदांनी पातळ थर ओढावा. आवरण फाटलेल्या मृत शुक्राणूच्या डोक्यात इओसिन शिरून ते लाल किंवा गडद गुलाबी दिसते, तर जिवंत शुक्राणूचे डोके निग्रोसिनच्या काळसर पार्श्वभूमीवर पांढरे उठून दिसते. केवळ मानेपाशी रंग शिरला असेल, तर तो शुक्राणू जिवंतच धरायचा, ही सूचना मोजणाऱ्याच्या समोर लिहून लावलेली बरी. न हलणारे शुक्राणू मृत आहेत की जिवंत असूनही हलत नाहीत, यावर पुढच्या उपचाराची दिशा ठरते. म्हणून ही मोजणी घाईने उरकू नये.

आकार पाहण्यासाठी पापानिकोलाउ पद्धतीच्या (अनेक रंग वापरणारी रंजनपद्धत) किमान दोन काचपट्ट्या कराव्यात. त्या हवेत वाळवून 95 टक्के इथेनॉलमध्ये निदान 15 मिनिटे ठेवाव्यात. हिमॅटॉक्सिलिन हा त्यातला निळा रंग आदल्या दिवशीचा असल्यास गाळून घ्यावा, नाहीतर त्याचे कण डोक्यांवर बसतात. रंजन नीट साधले, तर डोक्याचा पुढचा भाग फिकट निळा व मागचा गडद निळा दिसतो, आणि या सीमेवरूनच अॅक्रोसोमचा (डोक्याच्या पुढच्या भागावरील टोपीसारख्या आवरणाचा) आकार ठरवता येतो. प्रत्येक काचपट्टीवर 200 शुक्राणू मोजावेत. सामान्य आकाराची खालची मर्यादा 4 टक्के आहे, हे वाक्य अहवालात स्पष्ट छापावे, कारण ‘केवळ 5 टक्के सामान्य’ एवढेच वाचून जोडपी विनाकारण खचतात.

गोल पेशी (पांढऱ्या पेशी किंवा अपक्व जननपेशी) जास्त आढळल्यास त्यांतल्या पांढऱ्या पेशी ओळखण्यासाठी पेरॉक्सिडेज रंजन लागते. त्यातील ऑर्थोटोलिडिन हे रसायन घातक असल्याने हातमोजे आणि धूरपेटी (घातक वाफा बाहेर ओढून घेणारी पेटी) तयार असावी.