कामाच्या दिवसांची मुदत शीटमध्ये काढताय? या चुका टाळा

स्प्रेडशीटमधले बहुतेक फॉर्म्युले चुकले की लगेच एरर दाखवतात. मुदतीच्या तारखा काढणारे फॉर्म्युले गप्प राहून चुकतात. सेलमध्ये छान तारीख दिसते, वारही कामाचाच असतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. चूक कळते ती मुदत हातातून गेल्यावर. वेगवेगळ्या लोकांची वेळापत्रकं तपासताना मला फिरून फिरून त्याच चुका भेटतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा पाच मिनिटं जास्त दिली असती तर झाल्याच नसत्या.

एक्सेल, गूगल शीट्स आणि लिबरऑफिस या तिन्हींत कामाचे दिवस मोजणारी दोन फंक्शन्स आहेत. वर्कडे (WORKDAY) तारीख काढून देतं, नेटवर्कडेज (NETWORKDAYS) दोन तारखांमधले कामाचे दिवस मोजतं. शनिवार-रविवार सोडून वेगळी साप्ताहिक सुट्टी असेल तर दोघांच्या नावापुढे डॉट इंटल (.INTL) लागतं. खालचे फॉर्म्युले वाचायला सोपे म्हणून मराठीत लिहिलेत, शीटमध्ये फंक्शनची नावं आणि सेलचे पत्ते इंग्रजीतच लिहायचे.

खाली ओढलं की सुट्ट्यांची यादी घसरते

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

एका संस्थेचं निविदांचं वर्षभराचं वेळापत्रक माझ्याकडे आलं होतं. बी कॉलममध्ये निविदा भरायची शेवटची तारीख, सी मध्ये कागदपत्रांच्या तपासणीला लागणारे दिवस, आणि डी मध्ये कागद तपासणीला कधी पाठवायचे ती तारीख. म्हणजे मोजणी उलटी, शेवटच्या तारखेपासून मागे. त्याला हरकत नाही, वर्कडेला दिवस उणे दिले की ते मागे मोजतं. सुट्ट्यांची यादी एच२ पासून एच१३ पर्यंत, बारा तारखा, सगळ्या बरोबर. पहिल्या ओळीत फॉर्म्युला होता:

=वर्कडे(बी२, -सी२, एच२:एच१३)

हाही बरोबर. मग कोणीतरी सेलचा कोपरा धरून तो खाली ओढला. तिसऱ्या ओळीत यादी झाली एच३ ते एच१४, चौथ्या ओळीत एच४ ते एच१५. प्रत्येक ओळीला यादीतली वरची एक सुट्टी गळाली आणि खालून एक रिकामा सेल आत आला. चौदाव्या ओळीपासून पुढे तर यादीत एकही सुट्टी उरली नव्हती.

हे पकडलं का गेलं नाही, ते नीट समजून घ्या. कामं तारखेच्या क्रमाने होती आणि सुट्ट्याही. सुरुवातीला ज्या सुट्ट्या गळाल्या त्या तशाही त्या कामांच्या आड येत नव्हत्या, त्यामुळे वरच्या ओळी बरोबरच येत राहिल्या. तपासणारा माणूस वरच्या दोन-तीन ओळी बघतो, मान डोलावतो आणि फाइल पुढे पाठवतो. पण महिन्याला सुट्टी एखादी आणि कामं चार-पाच, त्यामुळे यादी कॅलेंडरपेक्षा कितीतरी वेगाने पुढे सरकते.

अकराव्या ओळीतल्या निविदेला तपासणीसाठी आठ दिवस हवे होते आणि मध्ये जोडून दोन सुट्ट्या होत्या. शीटने त्या मोजल्याच नाहीत. तारीख दोन दिवस उशिराची आली, कागद त्याच दिवशी गेले, आणि तपासणीला आठऐवजी सहाच दिवस मिळाले. एका प्रमाणपत्राची मुदत संपलेली आहे हे शेवटच्या दिवशी दुपारी लक्षात आलं. नवीन काढायला वेळ नव्हता. निविदा त्याच्याविना गेली आणि बाद झाली.

तिथल्या साहेबांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, "अहो, पण यादीत तर त्या दोन्ही सुट्ट्या आहेत ना?" होत्याच. मी डी११ वर डबल क्लिक केलं. असं केलं की फॉर्म्युला ज्या सेल्सकडे बघतोय त्यांच्याभोवती रंगीत चौकट येते. ती चौकट एच११ पासून सुरू होऊन एच२२ पर्यंत खाली गेली होती. आत सुट्ट्या तीन, बाकी नऊ सेल कोरे. ते बघितल्यावर पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

उपाय सोपा आहे. यादीला डॉलर लावा, म्हणजे ओढल्यावर तिचे पत्ते बदलत नाहीत: $एच$२:$एच$१३. विंडोजवर फॉर्म्युल्यात यादी सिलेक्ट करून एफ४ दाबलं की डॉलर आपोआप लागतात. मी स्वतः एवढ्यावर थांबत नाही. सुट्ट्यांसाठी वेगळी शीट करतो आणि त्या रेंजला, म्हणजे यादीच्या सेल्सना, 'सुट्ट्या' असं नाव देतो. मग फॉर्म्युला =वर्कडे(बी२, -सी२, सुट्ट्या) असा होतो. तो कितीही खाली ओढा, घसरत नाही आणि वाचणाऱ्यालाही कळतो. एक्सेलमध्ये यादीचं टेबल करून त्या कॉलमला नाव दिलं तर नवीन सुट्टी खाली लिहिल्यावर रेंज आपोआप वाढते. यादीचा मथळा मात्र रेंजमध्ये घेऊ नका, तिथे तारखाच हव्यात.

आणि तपासणी शेवटच्या ओळीपासून सुरू करा. ओढलेल्या फॉर्म्युल्यातला बिघाड तळाशी साचतो.

अवतरण चिन्हं विसरली की आठवडा उलटा होतो

डॉट इंटलला साप्ताहिक सुट्टी दोन प्रकारे सांगता येते. एक म्हणजे ठरलेला आकडा: १ म्हणजे शनिवार-रविवार, ७ म्हणजे शुक्रवार-शनिवार, ११ म्हणजे फक्त रविवार. दुसरा प्रकार सात अंकांची पट्टी, सोमवारपासून सुरू होणारी, कामाच्या दिवसाला ० आणि सुट्टीला १. शनिवार-रविवार सुट्टी असेल तर "०००००११", फक्त रविवार असेल तर "००००००१".

ही पट्टी अवतरण चिन्हांतच लिहावी लागते. नाहीतर शीट तिला साधी संख्या समजते आणि पुढची शून्यं टाकून देते. ०००००११ चे होतात ११, आणि ११ चा अर्थ फक्त रविवार. ००००००१ चा होतो १, आणि १ चा अर्थ शनिवार-रविवार. दोन्हीकडे नेमकं उलटं उत्तर, आणि एरर कुठेच नाही, कारण १ आणि ११ हे दोन्ही वैध आकडे आहेत. पाच दिवसांच्या आठवड्याचं वेळापत्रक सहा दिवसांचं होतं आणि सहाचं पाचाचं.

पट्टी वेगळ्या सेलमध्ये ठेवून तिथून उचलत असाल तर तो सेल आधी टेक्स्ट फॉरमॅटचा करा, मग पट्टी लिहा. उलट क्रमाने केलंत तर शून्यं आधीच गेलेली असतात. माझी सवय अशी की आकड्याने काम भागत असेल तर आकडाच वापरायचा. पट्टी फक्त विचित्र आठवड्यासाठी, म्हणजे समजा बुधवार आणि रविवार बंद असेल तेव्हा.

दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असेल तर कुठलाच आकडा आणि कुठलीच पट्टी उपयोगाची नाही. अशा वेळी साप्ताहिक सुट्टी ११ ठेवा आणि ते शनिवार सुट्ट्यांच्या यादीत घाला. दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ तारखेत येतो, चौथा २२ ते २८ मध्ये. वर्षभराची यादी करायला दहा मिनिटं पुरतात. तेवढा वेळ न देता "शनिवारचं नंतर हाताने बदलू" म्हणणारे लोक मला फार भेटतात, आणि ते नंतर कधी उजाडत नाही.

पहिला दिवस धरायचा की नाही

वर्कडे सुरुवातीचा दिवस धरत नाही. नेटवर्कडेज सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही धरतं. १ जानेवारी २०२४ला सोमवार होता. सुट्ट्यांची यादी न देता तिथून दहा दिवस वर्कडेने मोजले तर १५ जानेवारी येते. त्याच दोन तारखा नेटवर्कडेजला दिल्या तर उत्तर ११. लोक हे बघून फंक्शन बिघडलंय असं म्हणतात आणि कुठेतरी उणे एक चिकटवून देतात. तो उणे एक नको तिथे बसतो आणि वर्षभर तिथेच राहतो.

मुदत कशी मोजायची हे तुमच्या करारात किंवा नियमात लिहिलेलं असतं, शीटला ते माहीत नसतं. आधी ते वाचा. कागद मिळाल्याचा दिवस मोजायचा नसेल तर साधं वर्कडे. मोजायचा असेल तर माझा फॉर्म्युला ठरलेला आहे:

=वर्कडे(बी२-१, सी२, सुट्ट्या)

एक दिवस मागे जाऊन मोजायला सुरुवात केली की पहिला दिवस धरला जातो. शिवाय सुरुवातीची तारीख सुट्टीवर पडली तर पुढचा कामाचा दिवस हाच पहिला ठरतो. शून्य दिवस देऊन वर्कडे वापरणाऱ्यांनी इथे जपावं. शनिवारच्या तारखेला शून्य दिवस दिले तर उत्तर शनिवारच येतं, ते पुढे ढकललं जात नाही. पुढचा कामाचा दिवस हवा असेल तर तारखेतून एक वजा करून एक दिवस मोजा. मागचा हवा असेल तर एक मिळवून उणे एक मोजा.

एकापुढे एक कामांची साखळी असेल तर पुढच्या कामाची सुरुवात =वर्कडे(मागचा शेवट, १, सुट्ट्या) अशीच काढा. नुसतं अधिक एक केलंत तर शुक्रवारी संपलेल्या कामाचं पुढचं काम शनिवारी सुरू झालेलं दिसतं.

दिवस आणि महिना अदलाबदल

दुसऱ्या कोणी पाठवलेली सुट्ट्यांची यादी तशीच पेस्ट करू नका. त्यांच्याकडे दिवस आधी आणि तुमच्या संगणकावर महिना आधी अशी सेटिंग असेल तर ०५/०८ ही ५ ऑगस्ट न राहता ८ मे होते. १५/०८ मात्र तारीख होत नाही, कारण पंधरावा महिना नसतो. ती टेक्स्ट म्हणूनच पडून राहते. म्हणजे १ ते १२ तारखांची अदलाबदल होते आणि १३ पासून पुढच्या तारखा तारखाच नसतात. एकाच यादीत काही नोंदी सेलच्या डाव्या कडेला आणि काही उजव्या कडेला चिकटलेल्या दिसल्या की समजा हेच झालंय. डावीकडच्या त्या टेक्स्ट.

सेल्सना मध्यभागी अलाइन करून हा पुरावा पुसून टाकू नका. मी प्रत्येक तारखेच्या शेजारी वाराचा कॉलम ठेवतो: शेजारच्या सेलमध्ये तीच तारीख, फॉरमॅटमध्ये चार वेळा डी (dddd), म्हणजे तारखेऐवजी वार दिसतो. सुट्टीचा वार आपल्याला बहुधा माहीत असतो, चुकीची तारीख चटकन डोळ्यात भरते.

बाकीच्या, थोडक्यात

दिवसांना १.४ ने गुणून कॅलेंडरचे दिवस काढू नका. गुरुवारपासून तीन कामाचे दिवस म्हणजे मंगळवार, गुणाकाराने येतो सोमवार. हा शॉर्टकट शिकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण योग्य फंक्शन लिहायलाही तेवढाच वेळ लागतो.

सुरुवातीच्या तारखेत टुडे (TODAY) हे आजची तारीख देणारं फंक्शन घातलं तर मुदत रोज एक दिवस पुढे पळते. कंट्रोल आणि सेमीकोलन दाबून आजची तारीख कायमची लिहा.

तारखेऐवजी ४५२९२ असा आकडा दिसला तर काही बिघडलेलं नाही, सेलचा फॉरमॅट तारखेचा करा. हा आकडा म्हणजे १ जानेवारी २०२४. मुदत जानेवारी १९०० मधली आली तर सुरुवातीचा सेल रिकामा आहे. टेक्स्ट (TEXT) फंक्शनने तारखेचा मजकूर करून मुदत 'सुंदर' करू नका, मग ती पुढच्या फॉर्म्युल्यांना तारीख म्हणून नीट वापरता येत नाही.

अडीच दिवस दिले तर वर्कडे दोनच मोजतं. तारखेसोबतची वेळही ते टाकून देतं, म्हणून संध्याकाळी उशिरा आलेलं काम दुसऱ्या दिवसाचं धरायचं असेल तर ती अट वेगळी लिहावी लागते.

रविवारी आलेली सुट्टी दोनदा वजा होईल म्हणून यादीतून काढू नका, फंक्शन ती एकदाच धरतं. दोनदा वजा होते ती सुट्ट्या स्वतः मोजून वजा करणाऱ्यांकडे.

दोन फाइल्समधल्या तारखांत ४ वर्षं १ दिवसाचा फरक आला तर एक फाइल १९०४ च्या तारीखपद्धतीवर आहे, म्हणजे तिच्यात दिवस १९०० ऐवजी १९०४ पासून मोजले जातात. जुन्या मॅकवरच्या एक्सेल फाइल्समध्ये हे दिसतं. तारखांत हाताने बेरीज-वजाबाकी करत बसण्याआधी सेटिंग बघा.

सुट्ट्यांची यादी डिसेंबरला संपते आणि मुदती जानेवारीत जातात. मी यादीच्या वर एका सेलमध्ये 'यादी या तारखेपर्यंत पूर्ण' अशी तारीख लिहितो, आणि त्यापुढची प्रत्येक मुदत कंडिशनल फॉरमॅटिंगने लाल करतो. लाल सेल दिसला की आधी नवीन वर्षाची यादी भरायची.

फाइल पाठवण्याआधी

भिंतीवरचं कॅलेंडर किंवा फोनमधलं उघडा आणि चार ओळी बोटाने मोजा: शुक्रवारी सुरू होणारं एक दिवसाचं काम, सुट्टीच्या दिवशीच सुरू होणारं काम, मध्ये जोडून सुट्ट्या येणारं काम, आणि ३१ डिसेंबर ओलांडणारं काम. यातलं एखादं वेळापत्रकात नसेल तर तात्पुरती ओळ घालून बघा आणि नंतर पुसा. उत्तर जुळलं नाही तर फॉर्म्युल्यात अधिक-उणे एक करून जुळवून घेऊ नका. सेलवर डबल क्लिक करा आणि रंगीत चौकट कुठे पडतेय ते आधी बघा.