शिंजुकू नि-चोमेला पहिल्यांदा जाताय? या चुका टाळा

मी टोकियोत राहतो. पुण्या-मुंबईहून, सिंगापूरहून, लंडनहून मित्र आणि मित्रांचे मित्र येतात आणि पहिल्या दोन दिवसांत विचारतातच, "नि-चोमे, ती गे बारांची वस्ती, दाखवशील का?" दाखवतो. ती जागा मला मनापासून आवडते आणि आपल्या माणसांनी ती नीट बघावी असं वाटतं. पण त्याच त्या चुका बघून आता वैताग येतो. वीस व्हिडिओ पाहून आलेल्या माणसालाही बारच्या दारात कसं उभं राहावं हे ठाऊक नसतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

आधी जागा समजून घ्या. शिंजुकू-सांचोमे स्टेशनच्या सी-८ दरवाजातून बाहेर पडलं की दोन-तीन मिनिटांत नाका-दोरी ही मुख्य गल्ली लागते. अख्खी वस्ती दहा मिनिटांत चालून होते, पण तेवढ्यात शेकड्यांनी बार आहेत, मजल्यावर मजले. पूर्वी इथे वेश्यावस्ती होती. १९५८ मध्ये वेश्याव्यवसायविरोधी कायदा पूर्णपणे लागू झाला, खोल्या ओस पडल्या आणि पुढच्या काळात त्या चिंचोळ्या जागांत गे बार येत गेले. जागा आजही तेवढ्याच चिंचोळ्या आहेत. एक काउंटर, समोर आठ-दहा खुर्च्या, पलीकडे मास्टर, म्हणजे बार चालवणारा. नवख्यांच्या बहुतेक चुका या आठ खुर्च्यांचा हिशेब न कळल्यामुळे होतात.

दिसेल त्या दारात शिरणं

नि-चोमेतला प्रत्येक बार प्रत्येकासाठी नसतो. कुठे धिप्पाड, दाढीवाले पुरुष जमतात, कुठे साठीच्या पुढचे, कुठे कॉलेजातली मुलं, कुठे ऑफिस सुटल्यावर सुटातच येणारे. काही बार फक्त पुरुषांचे, काही फक्त स्त्रियांचे, काही सगळ्यांचे. दारावर 会員制 ही तीन अक्षरं दिसली तर तो सभासदांपुरता आहे. ही तीन अक्षरं फोनमध्ये साठवून ठेवा, फार उपयोगी पडतात.

'परदेशी आहे म्हणून घेतलं नाही' अशी तक्रार घेऊन बरेच जण येतात. कधीकधी ती खरी असते. काही मास्टरांच्या मनात अढी आहे, ती मला खटकते आणि त्यावर पांघरूण घालायची माझी इच्छा नाही. पण बऱ्याचदा कारण साधं असतं. मास्टरचं काम नुसतं पेय ओतण्याचं नसतं. समोरच्या प्रत्येकाशी रात्रभर बोलायचं, अनोळखी दोघांची ओळख करून द्यायची, एकटा बसलेल्याला एकटं वाटू द्यायचं नाही, यासाठी गिऱ्हाईक येतं. तुम्हाला जपानी येत नसेल आणि त्याला इंग्रजी येत नसेल, तर त्याच्यापाशी तुम्हाला द्यायला काहीच उरत नाही. म्हणून तो हात हलवून नाही म्हणतो. वाद न घालता मान लववून निघावं.

सुरुवात मोकळ्या, रस्त्यावरच्या बारपासून करा. आइइरो कॅफेच्या दाराशी शिंतो देवळासारखी तोरी कमान आहे, लोक पेला हातात घेऊन बाहेर उभे असतात, इंग्रजी चालतं. नाचायचं असेल तर आर्टी फार्टी आहे, ऐसपैस बसायचं असेल तर ईगल टोकियो ब्लू. स्त्रियांसाठी गोल्डफिंगर; तिथे शनिवारी फक्त स्त्रियांना प्रवेश असतो, तेव्हा पुरुष मित्रांनी हट्ट धरू नये. अशा ठिकाणी तासभर बसा, बारटेंडरशी गप्पा मारा आणि मग त्यालाच विचारा, "मला शांत, लहान जागा आवडेल, कुठे जाऊ?" तो बहुधा फोन करून विचारतो किंवा दारापर्यंत सोडतो. त्याच्या एका शब्दावर जे दार उघडतं ते यादीतल्या पत्त्यावर उघडत नाही. एका रात्रीत सहा बार 'करायचे' ठरवून येणाऱ्यांना मी सरळ सांगतो, माझ्याबरोबर दोनच होतील.

आणि पाच-सहा जणांचा घोळका लहान बारमध्ये नेऊच नका. एकटे जा, फार तर दोघं.

फोटो

यावर मी लांबण लावणार आहे, कारण याचं नुकसान भरून येत नाही.

एका शुक्रवारी पुण्याहून आलेल्या दोन पाहुण्यांना घेऊन मी एका ओळखीच्या बारमध्ये गेलो. दुसऱ्या मजल्यावर, अरुंद जिना, आठ खुर्च्या. फोन खिशात राहू द्या, हे स्टेशनवरच सांगितलं होतं. मास्टरने गरम ओला टॉवेल दिला, शिजवलेल्या मुळ्याची छोटी वाटी पुढे ठेवली. कोपऱ्यात पन्नाशीचे एक गृहस्थ बसले होते, नेहमीचे गिऱ्हाईक. मागच्या फळीवर बाटल्या ओळीने लावलेल्या. गिऱ्हाईक अख्खी बाटली विकत घेऊन बारमध्ये ठेवतं आणि दर खेपेला त्यातूनच पितं. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात एक पट्टी आणि तिच्यावर मार्करने लिहिलेलं नाव.

मी स्वच्छतागृहात गेलो तेवढ्यात एका पाहुण्याने त्या फळीचा व्हिडिओ काढून इन्स्टाग्रामवर टाकलाही, ठिकाणासकट. "माणसांचा काढलाच नाही, फक्त बाटल्या!" हे त्याचं म्हणणं. मी व्हिडिओ पाहिला. पट्ट्यांवरची नावं स्वच्छ वाचता येत होती. बाटल्यांमागे आरसा होता आणि आरशात त्या गृहस्थांचा चेहरा. ते काही बोलले नाहीत. पैसे दिले, कोट घेतला, गेले. मी तिथेच व्हिडिओ डिलीट करायला लावला, पण तोवर पन्नासेक जणांनी तो पाहिला होता. त्यात टोकियोतलेच, निशी-कासाईत राहणारे आपले मराठी लोकही होते. पुढे मास्टरकडून कळलं की ते गृहस्थ शाळेत शिक्षक आहेत आणि त्या रात्रीनंतर आलेले नाहीत. त्यांची बाटली बारमध्ये ठेवण्याची मुदत केव्हाच संपली होती, तरी मास्टरने ती फळीवरून काढली नव्हती.

एवढं काय त्यात, असं वाटत असेल तर इथली परिस्थिती बघा. जपानमध्ये समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता नाही. शिबुया आणि सेतागाया या वॉर्डांनी २०१५ मध्ये जोडीदार म्हणून दाखले द्यायला सुरुवात केली आणि २०२२ पासून टोकियो महानगराचाही दाखला मिळतो, पण तो विवाह नव्हे. २०२३ मध्ये संसदेने केलेला कायदा 'समज वाढवण्या'चा आहे, भेदभावाला बंदी करणारा नाही. २०१५ मध्येच टोकियोतल्या एका विद्यापीठात वर्गमित्राने एका विद्यार्थ्याचं समलिंगी असणं मित्रांच्या लाइन या मेसेजिंग ॲपवरच्या ग्रुपवर उघड केलं. काही आठवड्यांनी तो विद्यार्थी विद्यापीठाच्याच इमारतीवरून पडून गेला. ते विद्यापीठ ज्या कुनिताची शहरात आहे, त्या शहराने २०१८ मध्ये असं परस्पर उघड करण्याला मनाई करणारा नियम केला. उघड करणं हा माणसाच्या हक्कांवर घाला आहे, असं उच्च न्यायालयानेही २०२० मध्ये त्या प्रकरणात म्हटलं. कलम ३७७ चा निकाल लागेपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, आपण कसे जगलो हे ज्याला आठवतं त्याला हे समजावून सांगावं लागू नये.

तेव्हा आत शिरताना फोन बंद करून खिशात, ही माझी सवय आहे आणि माझ्याबरोबर येणाऱ्यालाही तीच पाळावी लागते. आठवण म्हणून फोटो हवाच असेल तर बाहेर आल्यावर स्वतःचा काढा, मागे माणसं नाहीत हे बघून. तोरी कमानीसमोरही लोक उभे असतात, त्यांनाही चेहरे आहेत. आणि कोणी विचारलं, "काल कोण भेटलं?" तर नाव सांगू नका. बारमध्ये सांगितलेलं नाव बहुतेक वेळा खरं नसतंच, तरीही नाही.

बिलावरून हुज्जत

लहान बारमध्ये बसण्याचे वेगळे पैसे पडतात. पहिलं पेय आणि खाण्याची छोटी वाटी धरून साधारण हजार ते दोन हजार येन. हजार येन म्हणजे सहाशे रुपयांच्या आसपास. त्या वाटीला ओतोशी म्हणतात. "मी मागवलंच नव्हतं, मग पैसे कशाचे?" हा प्रश्न विचारू नका. ओतोशी खाल्ली नाही म्हणून पैसे कमी होत नाहीत.

शिंजुकूसारख्या ठिकाणचं भाडं, खुर्च्या आठ. एका पेल्यावर दोन तास बसणारे चौघं आले की अर्धा बार त्या रात्रीपुरता बुडाला. म्हणून मी तासाला एक पेय हा हिशेब धरतो, मग ते उलाँग चहा का असेना. दारू पीत नसाल तर खुशाल सांगा, कोणी आग्रह करत नाही. बक्षिशी ठेवू नका, नोटा परत करायला मास्टर तुमच्यामागे जिन्यापर्यंत येईल. त्याऐवजी "तुम्हीही एक घ्या" म्हणा. ते पेय तुमच्या बिलात लागतं आणि मास्टरला त्यातून खरंच मिळकत होते. काही ठिकाणी कराओकेच्या गाण्यालाही शे-दोनशे येन पडतात. आत शिरतानाच किती पडतील ते विचारा. ते विचारण्यात काही गैर नाही, निघताना भांडण्यात आहे. रोख पैसे जवळ ठेवा. बरेच लहान बार कार्ड घेत नाहीत.

जेवणाचं

नि-चोमेत पोहोचल्यावर जेवणाचं बघू, असं म्हणणारे रात्री अकराला उपाशी बारमध्ये बसतात आणि तिसऱ्या पेल्याला आडवे होतात. सात-साडेसातला सांचोमेच्या बाजूला, सुएहिरोतेई या जुन्या कथाकथनाच्या नाट्यगृहाभोवती, इझाकायांच्या, म्हणजे जपानी खाण्यापिण्याच्या ठिकाणांच्या, गल्ल्या आहेत, तिथे जेवून घ्या. सहा जणांची जागा राखून नऊ जण जाऊ नका आणि राखलेल्या जागी न जाणं तर मुळीच नको. ओतोशी तिथेही येते. अनेक ठिकाणी दोन तासांत उठावं लागतं, आणि बंद व्हायच्या अर्धा-एक तास आधी शेवटची ऑर्डर घेतात. वेटर विचारायला आला की तो घाई करत नसतो.

शाकाहारी मंडळींनी मात्र तयारी करूनच यावं. दाशी, म्हणजे बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचं पाणी, इथे सूपमध्ये असतं, सॉसमध्ये असतं, उकडलेल्या भाजीतही असतं. गार तोफूवरही माशाचा कीस पेरून आणतात. 'नो मीट' म्हटल्याने मासा सुटत नाही. मिठातल्या एदामामे शेंगा, आंबट उमेबोशी घातलेला भाताचा गोळा, लोणची, यावर कोणी पोट भरू शकत नाही. मी शाकाहारी पाहुण्यांना आधी टोकियो स्टेशनात तीझ तानतानमध्ये रामेन खायला घालतो. तिथे सगळंच व्हीगन आहे. मग निवांत शिंजुकू. बारमधल्या ओतोशीत मासा असला तर ती वाटी हसून बाजूला सरकवा, चौकशी आयोग बसवू नका.

दोन पुरुषांनी एकत्र जेवलं म्हणून टोकियोत कोणी वळून बघत नाही. मिठ्या-चुंबनं टेबलावर नकोत, पण तो नियम इथे सगळ्याच जोडप्यांना आहे. हॉटेलात दोघांसाठी एक पलंग बिनदिक्कत मागा. लैंगिक कल बघून पाहुणा नाकारू नये, असं सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. काही लव्ह हॉटेलं, म्हणजे जोडप्यांना तासांवर खोली देणारी हॉटेलं, मात्र अजूनही दोन पुरुषांना टाळतात.

बाकीचं थोडक्यात

पॉपर्स, म्हणजे हुंगायचं उत्तेजक द्रव्य, आणू नका. युरोपात दुकानात मिळतात म्हणून सामानात टाकून येणारे भेटतात. जपानमध्ये ते निषिद्ध अमली द्रव्यांत मोडतात, आणि २०१४ पासून नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. यात 'माहीत नव्हतं' चालत नाही.

पासपोर्ट जवळ ठेवा, झेरॉक्स नाही. पर्यटकाने तो सतत बाळगावा असा कायदा आहे आणि पोलीस विचारू शकतात.

जवळच्याच काबुकिचो या नाइटलाइफच्या वस्तीत रस्त्यावर बोलावणाऱ्याच्या मागे कधीही जाऊ नका, तो कितीही गोड इंग्रजी बोलो. नि-चोमेतल्या चांगल्या बारला माणूस उभा करून गिऱ्हाईक ओढावं लागत नाही.

डेटिंग ॲप वापरणार असाल तर ग्राइंडरबरोबर नाइनमॉन्स्टर्सही घ्या, इथले लोक त्यावर जास्त असतात. उत्तर उशिरा आलं म्हणून चार वेळा 'हॅलो' पाठवू नका.

कंडोम, एचआयव्ही तपासणीची माहिती किंवा नुसतं दिवसा कुठे बसून विचारायचं असेल तर नि-चोमेतच अक्ता हे केंद्र आहे. परदेशी माणसांनाही तिथे नीट वागवतात.

स्ट्रेट मैत्रिणींनो, तुम्ही या, पण एकमेकींच्या लग्नाआधीची पार्टी घेऊन येऊ नका. आणि फक्त पुरुषांच्या बारच्या दारात 'मी गंमत म्हणून आलेय' म्हणू नका.

शेवटच्या गाड्या साधारण मध्यरात्रीनंतर अर्ध्या-एक तासात संपतात, मेट्रो आधी. टॅक्सीला रात्री दहा ते पहाटे पाच वीस टक्के जास्त पडतात, त्यामुळे शिंजुकूहून लांब उतरला असाल तर चटका बसतो. रात्र काढायचीच असेल तर ती डान्स बारमध्ये काढा. पहाटे पाचच्या आसपास गाड्या सुरू होतात. लहान बारमध्ये पहिल्या गाडीची वाट बघत बसू नका. तुम्ही उठेपर्यंत मास्टरला पेले धुऊन दिवे मालवता येत नाहीत.